वरील मजकूर खरा आहे

चश्मेवाल्याच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान आणि मागचा भाग म्हणजे संसार. मधे एक पडदा. सकाळी दुकान उघडण्याआधी पडद्याच्या अलीकडे घरातली थोरली मुलगी भिंग घासण्याच्या यंत्रावर वाकून बसली होती. फ्रेमच्या मापाने भिंग घासायचे, कड बोटाने तपासायची, भिंग खोबणीत बसवून बारीक स्क्रू आवळायचा आणि चश्मा उजेडाकडे धरून आरपार पाहायचे, हे काम तिचा हात यंत्रापर्यंत पोचू लागल्यापासून तिचेच होते. पडद्याच्या पलीकडे तिचा भाऊ झोपला होता. त्याला उशिरापर्यंत अभ्यास असतो असे घरात मानले जाई; आणि घरात जे मानले जाते त्याला पुरावा मागण्याची पद्धत अजून कोणत्याच घरात रुजलेली नाही.

तिला सगळे ‘मोठी’ म्हणत. वयाने मोठी, म्हणजे शाळेतही भावाच्या पुढे असायला हवी होती. पण तिचे शाळेत जायचे वय झाले तेव्हा धाकटा लहान होता आणि त्याला सांभाळायला कोणीतरी हवे होते. मग तो शाळेच्या वयाचा झाला तेव्हा त्याला सोबत हवी होती. दोन्ही गरजा एकाच मुलीने भागवल्या. दोघांची नावे एकाच दिवशी घातली गेली, दोघे एकाच वर्गात वाढली आणि त्या वर्षी दोघांनाही मोठ्या शहरातल्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. तिला भौतिकशास्त्राला, त्याला अभियांत्रिकीला. शुल्क भरण्याची ऐपत घरात नव्हती. शहरातल्या शिक्षणनिधीची शिष्यवृत्ती हाच एक रस्ता होता, आणि त्या निधीचा नियम होता : एका कुटुंबातून एकच अर्ज.

या निधीच्या अर्जात गुणपत्रक, पालकाची सही आणि मुख्याध्यापकांचा शिक्का यांच्याखेरीज एक ‘निवेदन’ लागे. कोणत्या हालअपेष्टांत आपण शिकलो ते अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत लिहायचे. खाली छापलेले असे, ‘वरील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे.’ अर्ज बहुतेक मुलांचे जात. अडचण एवढीच होती की हालअपेष्टा मुलींनी सोसलेल्या असत. त्या गल्लीने ही अडचण मोठ्या सुबकपणे सोडवली होती. कष्ट बहिणीचे घ्यायचे, भाषा बहिणीची घ्यायची, अक्षर बहिणीचे घ्यायचे, आणि सही तेवढी भावाने करायची. शिंप्याची मुलगी रात्रंदिवस बटणे लावी. निवेदनात ती बटणे तिच्या भावाने लावलेली असत. सुताराची मुलगी आजारी आजीला उचलून बसवी. निवेदनात आजी नातवाच्या खांद्यावर मान टाकी. यात कोणालाही चोरी दिसत नव्हती. घरातली वस्तू घरातच राहते, त्याला चोरी कोण म्हणेल?

मोठीची लेखणी गल्लीत नावाजलेली होती. आपल्याला जमत नसे ते निवेदन इतर बहिणी तिच्याकडे आणत, आणि ती लिहून देई. मागच्या वर्षी शिंप्याच्या मुलासाठी तिने लिहिलेले निवेदन निधीच्या वार्षिक समारंभात व्यासपीठावरून वाचले गेले. देणगीदारांनी रुमाल काढले. पहिल्या रांगेत बसलेला शिंप्याचा मुलगा ते प्रथमच ऐकत होता, तोही रडला.

त्या दिवशी जेवताना अर्जाचा विषय निघाला. निघाला म्हणजे आधीच ठरलेले होते ते सांगण्यात आले. चश्मेवाल्याची बहीण, म्हणजे मुलांची आत्या, मुक्कामाला होती.

“फॉर्म आणलाय,” चश्मेवाला म्हणाला. “लवकर भरून टाका. उगाच शेवटच्या दिवशी पळापळ नको.”

“कुणाचा?” मोठीने विचारले.

“कुणाचा म्हणजे?”

“प्रवेश दोघांनाही मिळालाय. अर्ज एकच जातो. म्हणून विचारलं.”

आत्या हसली. “बघ दादा! शिकवलं की असे प्रश्न सुचतात. आमच्या वेळी प्रश्नच नव्हते. घर कसं शांत असायचं.”

“तुझे मार्क जास्त आहेत, मला ठाऊक आहे,” चश्मेवाला म्हणाला. “मी कुठे नाही म्हणतोय? पण त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“आणि माझ्या?”

“तुझं काय अडलंय? दुकानात तुझा हातभार आहेच.”

“हातभार नाही बाबा. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा वर्षभर दुकान मीच—”

“अगं, ते सगळं कबूल. पण दुकान माझं, नाव माझं, मग चालवलं कुणी?”

“ताईचं बरोबर आहे,” भाऊ घास गिळत म्हणाला. “मी बाबांना म्हणणार होतो, चिठ्ठ्या टाकू.”

“म्हणालास?”

“मनात म्हणालो.” तो स्वतःच्या विनोदावर हसला. “आई, अजून वाढ ना थोडं.”

आईने वाढले. मग मोठीच्या पाठीवरून हात फिरवला. “तू समजूतदार आहेस गं,” ती म्हणाली.

या शब्दाविषयी एखाद्या कोशकाराने स्वतंत्र ग्रंथ लिहावा. ‘समजूतदार’ ही पदवी घरात फक्त हरणाऱ्यालाच दिली जाते. जिंकणाऱ्याला समजूतदार असावे लागत नाही. तो हुशार असतो, होतकरू असतो, भोळा असतो, नाहीच काही जमले तर ‘अजून लहान’ असतो. मोठीला ही पदवी इतक्या वेळा मिळाली होती की महाविद्यालयाची पदवी मिळवण्याची तिला गरज काय, असे घराला प्रामाणिकपणे वाटत होते. आईही दुष्ट नव्हती. तिला स्वतःला ती पदवी फार लहानपणी मिळाली होती आणि ती तिने आजवर उतरवून ठेवलेली नव्हती.

“आणि ताई,” भाऊ हात धुताना म्हणाला, “लिहिणार तूच हं. शिंप्याच्याला लिहिलंस त्याहून भारी पाहिजे. सख्खा भाऊ आहे शेवटी. रडले पाहिजेत सगळे.”

“लिहिते,” मोठी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना ती गल्ल्याच्या टेबलाशी फॉर्म घेऊन बसली. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरे, खाली बारीक होत गेलेली. भाऊ खुर्चीवर उलटा बसून पाय हलवत होता.

“सांग. काय लिहू?”

“नेहमीचंच. पहाटे उठतो, भिंगं घासतो, बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा दुकान सांभाळलं, डोळ्यांत औषध घातलं...”

“कुणी?”

“आता कुणी काय! लिहायचं असतं तसं.”

“मुलाखतीत विचारतील. भिंग खोबणीत बसत नसेल तर काय करतोस?”

“दाबतो.”

“फुटतं.”

“मग काय करतात?”

“पुन्हा यंत्रावर घेतात. जिथे अडतं तिथली कड अगदी थोडी घासतात. घाई केली की भिंग सैल होतं.”

“हां, तेच लिही. मस्त आहे.” तो उठला. “बाकीचं तुला माहीतच आहे. मी जरा जाऊन येतो.”

तो गेला. मोठीने लिहायला घेतले. पहिला मसुदा सरावाने झाला. पहाटेचा अंधार, यंत्राची घरघर, वडिलांच्या डोळ्यांवरची पट्टी, ड्रॉपरमधून पडणारा थेंब. शेवटच्या वाक्याशी पोचून तिने वरून वाचले. निवेदन उत्तम झाले होते. समिती रडणार होती. तिच्या आयुष्यातले तिचे म्हणून जे होते ते सगळे त्या कागदावर होते, एकही गोष्ट सुटली नव्हती, आणि त्यातले काहीही आता तिचे उरले नव्हते. ते चोरणाराही दुसरा कोणी नव्हता. अक्षर तिचेच होते.

येथे तिला रडू आले असे मी लिहावे अशी वाचकांची अपेक्षा असेल. वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या मुली अशा वेळी रडतात आणि वाचकही त्यांच्याबरोबर रडून हलका होतो. तिला रडू आले नाही. तिला राग आला, आणि तो थंड होता. तिने तो मसुदा फाडला, दुसरा कागद घेतला, आणि भावाच्या वतीने, भावाच्या नावाने, जे खरे होते तेवढेच लिहिले. एकही विशेषण वापरले नाही. मग ते फॉर्मवर सुवाच्य अक्षरात उतरवून काढले.

सूड घेणाऱ्याजवळ न्यायबुद्धी असावी लागते. ती नसेल तर तो नुसता त्रागा ठरतो. मोठीजवळ ती होती. तिने प्रत्येकाला संधी दिली.

“वाचून घे,” ती भावाला म्हणाली.

तो आरशासमोर केस नीट करत होता. “तू लिहिलंयस ना? मग झालं.”

“तरी वाच. खाली छापलंय, मी वाचलंय म्हणून.”

“छापील मजकूर कोण वाचतं, ताई! कुठे करू सही? इथे?”

त्याने केली. चश्मेवाला दुकानात एका बाईंना फ्रेम दाखवत होता.

“बाबा, सही पाहिजे. आधी वाचा.”

“माझा चश्मा कुठाय?”

“डोक्यावर.”

“असू दे. गिऱ्हाईक खोळंबलंय.” त्याने कोपर टेकवून सही केली आणि गिऱ्हाईक बाईंना अभिमानाने म्हणाला, “मुलाचा स्कॉलरशिपचा अर्ज. स्वतः लिहिलाय त्याने.”

शाळेत मुख्याध्यापकांनी फॉर्म हातात घेतला, अक्षरावरून नजर फिरवली आणि शिक्का शोधू लागले. “सर, निवेदन वाचून मग शिक्का मारा,” मोठी म्हणाली. “वाचायचं काय त्यात? भावासाठी एवढी धावपळ करतेस! अशा मुली घरोघरी हव्यात,” ते म्हणाले आणि शिक्का मारला. त्यांची ती इच्छा घरोघरी फार पूर्वीच पुरी झालेली होती.

अर्ज पात्र ठरला. निधीच्या कार्यालयात अर्ज पात्र ठरण्यासाठी फोटो चिकटवलेला आणि शिक्का स्पष्ट असावा लागे.

निधीच्या मुलाखती बंद दाराआड होत नसत. देणगीदारांना आपल्या दानाचे पात्र डोळ्यांनी पाहायला आवडे, म्हणून त्या मोठ्या सभागृहात, सर्व उमेदवारांच्या आणि पालकांच्या समोर होत. मंचावर लांब टेबल. मधोमध अध्यक्ष, जे निवृत्त न्यायाधीश होते. उजवीकडे कार्यवाह, ज्यांचा आवाज भरदार होता आणि ज्यांना तो आहे हे माहीत होते. उमेदवारांची निवेदने ते मोठ्याने वाचत. सभागृहात गल्लीतली सगळी घरे बसली होती. चश्मेवाला नवा सदरा घालून आला होता. आईने मोठीलाही आणले होते, धाकट्याला ऐन वेळी काही आठवले नाही तर जवळ असावी म्हणून.

भावाचा पुकारा झाला. तो मंचावर गेला आणि नम्रपणे उभा राहिला. नम्रता त्याला जमत असे.

“हे निवेदन तुम्ही स्वतः लिहिलंत?” अध्यक्षांनी विचारले. हा प्रश्न ते सर्वांनाच विचारत.

“हो सर.”

“स्वतःच्या शब्दांत?”

“एकेक शब्द, सर.”

“आणि मजकूर खरा आहे?”

“सगळा खरा, सर.”

“पालक कुठे आहेत? आपण खात्री देता?”

चश्मेवाला जागेवर उठून उभा राहिला. “शंभर टक्के साहेब. माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय.”

“निवेदन वाचलंत?”

“वाचलं तर! डोळ्यांत पाणी आलं.”

अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली. पहिल्या रांगेतल्या देणगीदार बाईंनी रुमाल उलगडून मांडीवर ठेवला. कार्यवाहांनी घसा साफ केला आणि त्यांच्या त्या कमावलेल्या, कंप पावणाऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली :

“मी चश्मेवाल्याचा मुलगा आहे. आमच्या दुकानात रोज पहाटे भिंगे घासली जातात. ती मी घासत नाही. मी तेव्हा झोपलेला असतो.”

आवाजाला सवय इतकी होती की अर्थ कळल्यावरही तो दोनतीन वाक्ये तसाच कंप पावत राहिला.

“भिंगे माझी बहीण घासते. वडिलांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा दुकान तिने चालवले आणि त्यांच्या डोळ्यांत औषध तिने घातले. त्याच वर्षी तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. मला सांभाळायला आणि पुढे शाळेत सोबतीला हवी म्हणून तिला घरी थांबवून ठेवले होते. आम्ही दोघे एकाच वर्गात आहोत ते त्यामुळे. माझ्या वह्या ती पूर्ण करते...”

कार्यवाह थांबले आणि त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले.

“वाचा,” अध्यक्ष म्हणाले. ते न्यायासनाच्या सवयीने म्हणाले असावेत. त्याचा त्यांना पुढे बराच पश्चात्ताप झाला.

“अर्ज कोणाचा जावा हे आमच्याकडे जेवताना ठरले. बहिणीने प्रश्न विचारला तेव्हा आत्या हसली, आईने तिला समजूतदार म्हटले आणि मी आणखी वाढायला सांगितले. शिक्षणात मला अडचण कधी आली नाही. माझ्या सगळ्या अडचणी बहिणीला येतात. आपण मला शिष्यवृत्ती दिलीत तर तीही मी तिच्या जिवावर घेईन आणि मला त्यात काही वावगे वाटणार नाही. हे निवेदन मी लिहिलेले नाही. मी ते वाचलेलेही नाही. माझ्या वडिलांनी वाचलेले नाही. मुख्याध्यापकांनी वाचलेले नाही. आणि हे आता सभागृहात मोठ्याने वाचले जात असेल, तर निधीच्या समितीनेही ते आधी वाचलेले नाही.”

मागच्या बाजूने कोणीतरी मुलगी हसली आणि तोंडावर हात दाबल्याचा आवाज आला. पहिल्या रांगेतला रुमाल जसाच्या तसा राहिला.

“साहेब,” चश्मेवाला म्हणाला, “कुणीतरी कागद बदललाय.”

“ही सही आपलीच ना?”

“सही... सही माझीच आहे.”

“मी लिहिलंय ते,” मोठी उठून म्हणाली. आईने तिचा हात धरून खाली ओढला. ती खाली बसली नाही.

“ही फसवणूक आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“यातलं कोणतं वाक्य खोटं आहे ते सांगा, सर. मी खोडते.”

अध्यक्ष भावाकडे वळले. “काय हो? तुम्ही सांगा. यातलं खोटं काय?”

तो कानापर्यंत लाल झाला होता. त्याने वडिलांकडे पाहिले, मग बहिणीकडे. आजवर अडलेल्या प्रत्येक उत्तरासाठी त्याने तिच्याचकडे पाहिले होते. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि मदत करत नव्हती.

“काही नाही,” तो म्हणाला.

“मोठ्याने.”

“खोटं काही नाही, सर.”

“बसा,” अध्यक्ष म्हणाले. पण मोठीचे अजून संपले नव्हते.

“सर, मागच्या समारंभात तुम्ही वाचलेलं निवेदन माझं होतं. या वर्षी आमच्या गल्लीतून आलेली बरीचशी माझी आहेत. ती सगळी खोटी आहेत आणि त्यांना तुम्ही बक्षीस देता. खरं लिहिलं ते एकदाच, आणि त्याला तुम्ही फसवणूक म्हणता.”

“ए पोरी!” शिंपी जागेवरून ओरडला. “आमचं नाव कशाला मधे? आम्ही काय वाकडं केलं तुझं?”

“माझं नाही केलं, काका. घरी गेलात की मुलीची बोटं बघा.”

सभा तहकूब झाली. अध्यक्षांनी मोठीला आणि तिच्या आईवडिलांना आतल्या खोलीत बोलावले. तिथे पंखा होता, थंड पाणी होते आणि अध्यक्षांचा स्वर पितृतुल्य होता.

“तू हुशार आहेस, बाळ. निधीला अशाच मुली हव्यात. एक मार्ग आहे. भावाचा अर्ज मागे घेऊ, त्याच्या जागी तुझा दाखल करून घेऊ. मी स्वतः पाहीन. तू फक्त एक कागद द्यायचा. रागाच्या भरात बोललीस, बाकीची निवेदनं ज्याची त्याने लिहिलेली आहेत. एवढंच.”

आईने मुलीचे दोन्ही हात धरले. “घे गं. मिळतंय ना? मी पाया पडते तुझ्या, घे. तुला हवं होतं तेच देतायत.”

तिला ते हवे होते. महाविद्यालयाची मुदत संपत आली होती, आणि ही जागा गेली तर वर्ष गेले हे तिच्याइतके त्या खोलीत कोणालाच कळत नव्हते.

“एका घरातून एकच अर्ज, हा नियम काढणार?” तिने विचारले.

“तो संस्थापकांनी केलेला आहे. त्याला हात कसा लावणार?”

“म्हणजे मी घेतली की पुढच्या वर्षी शिंप्याची मुलगी पुन्हा भावाचं लिहीत बसणार.”

“दुसऱ्यांचं तुला काय करायचंय?”

“त्यांची बटणं मी त्यांच्या भावांच्या नावावर लावलीत, सर. करायचंय मला.” ती उठली. “खोटं लिहायचं मी बंद केलंय. तो कागद तुम्हीच लिहा. स्वतःच्या शब्दांत.”

बाहेर व्हरांड्यात भाऊ खांबाला टेकून उभा होता.

“ताई, मला एकदा सांगायचं तरी होतंस.”

“वाच म्हणाले होते. दोनदा.”

“मला वाटलं तू माझ्यासाठी लिहिलंयस.”

“तुझ्याचसाठी लिहिलंय,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाबद्दल एवढं खरं मला लिहिता आलं नसतं.”

तिचे वर्ष गेले. कथा सुधारणावादी असली तरी हे लपवण्यात अर्थ नाही : योग्य वागल्याबद्दल तिला त्या वर्षी काहीही मिळाले नाही. आत्याने नातेवाइकांत तिची बदनामी केली. घरात तिच्याशी कामापुरते बोलले जाई, आणि आता काम ती करत नव्हती. मुख्य बाजारातल्या एका मोठ्या चश्म्याच्या दुकानात ती कारागीर म्हणून लागली आणि एका विधवा शिक्षिकेच्या घरी खोली घेऊन राहू लागली. घरच्या यंत्रावर भाऊ बसला. तो दाबायचा, भिंगे फुटायची. गिऱ्हाईके कुरकुरली, मग पांगली, आणि त्यांतली बरीच हळूहळू मुख्य बाजाराकडे वळली. एकदा चश्मेवाला स्वतः तिथे आला. एका जुन्या गिऱ्हाइकाची नाजूक फ्रेम त्याच्या हातात होती, तिची खोबणी चिरली होती.

“मोठे, एवढं बघतेस का? तुझ्याशिवाय जमायचं नाही हे.”

तिने फ्रेम घेतली, उजेडात धरली, आणि सर्वांना देत असे तशी पावती लिहून त्याच्यासमोर सरकवली. “उद्या संध्याकाळी या,” ती म्हणाली. “पुढचं कोण आहे?”

काही वाचकांना हे कठोर वाटेल. त्यांनी आपल्या घरातली निवेदने कोण लिहिते ते आधी पाहावे, आणि मग कठोरपणाविषयी बोलावे.

पुढच्या वर्षी अर्जांचा हंगाम आला तेव्हा गल्लीतल्या घराघरांत एक विचित्र गोष्ट घडली. शिंप्याच्या मुलीने फॉर्म भावापुढे ठेवला आणि म्हणाली, “लिही की. हात आहेत ना तुला?” सुताराच्या मुलीने डोके दुखते म्हणून सांगितले, आणि तिचे डोके मुदत संपेपर्यंत दुखत राहिले. त्या सगळ्या सुटीच्या दिवशी मोठीच्या खोलीवर जमत असत हे घरच्यांना उशिरा कळले. समितीकडे निवेदने आली, ती कार्यवाहांच्या आवाजालाही पेलवेनात. एकात लिहिले होते, ‘मी फार कष्ट केले. पुष्कळच केले. किती ते सांगता येत नाही.’ दुसऱ्याने निधीच्याच अहवालात छापलेले मागचे निवेदन उतरवून काढले होते, मृत आजोबांसकट. त्याचे आजोबा सभागृहात शेजारीच बसले होते. देणगीदार बाईंनी तक्रार केली की यंदाच्या मुलांत भावनाच नाही.

तेव्हा संस्थापकांच्या नियमाला हात लावता आला. ‘काळाची पावले ओळखून’ प्रत्येक मुलाला आणि मुलीला स्वतंत्र अर्जाचा अधिकार देण्यात आला, आणि वार्षिक अहवालात या क्रांतिकारक निर्णयाचे श्रेय अध्यक्षांच्या दूरदृष्टीला देण्यात आले. अहवालात मोठीचा उल्लेख नाही. त्या वर्षी मुदत वाढवून घेतलेल्या अर्जांत सर्वांत वरचा अर्ज तिचा होता.

मुलाखतीला ती एकटी आली. सभागृह भरलेले होते. मागच्या रांगांत गल्लीतल्या मुली आपापले फॉर्म हातात घेऊन बसल्या होत्या, आणि एका कडेला चश्मेवाला, त्याची बायको आणि मुलगा. त्यांना कोणी बोलावलेले नव्हते. शिष्यवृत्ती तिला मिळणार हे ठरल्यासारखेच होते. ती नाकारण्याची हिंमत त्या टेबलामागे कोणाच्यातच राहिली नव्हती. या वेळी अध्यक्षांनी तिचे निवेदन आधी वाचलेले होते, आणि तसे त्यांनी दोनदा सांगितले. गुणांविषयी विचारले, भौतिकशास्त्राविषयी विचारले, प्रकाश भिंगातून जाताना का वळतो तेही विचारले, आणि तिने सांगितलेले उत्तर समजल्यासारखी मान हलवली. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि सभागृहाला ऐकू जाईल अशा मृदू स्वरात म्हणाले,

“सगळं छान झालं, बाळ. आता शेवटचं. आईवडील आलेत, भाऊही आलाय. झालं गेलं विसरलीस ना? माफ केलंस ना त्यांना?”

पहिल्या रांगेत रुमाल उलगडला गेला. कडेच्या खुर्चीवर आईने डोळ्यांना पदर लावला. मोठीने समोरचा फॉर्म उचलला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश नजरेखालून घातला आणि परत टेबलावर ठेवला.

“यात तसा रकाना नाही, सर,” ती म्हणाली. “दुसरं काही विचारायचं असेल तर विचारा.”